लीलाबाईची वेगळी चूल

घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. आमच्या एकाच घरात दोन आहेत. आतमंदी गॅसची शेगडी माही, अन् मागच्या छपरीत मातीची चूल माह्या सासूची. गावात कोणाले इचारा, लोक कैलासचं नाव घेतीन. मायले वेगळी काढली म्हणतीन. कैलास माहा नवरा. बिचाऱ्याचा त्यात काडीचा दोष नाई. ती चूल मी मांडाले लावली. दुसऱ्या कोणाचं नाव घेऊ नोका.

आमचं गाव आर्वीपासून सात किलोमीटर. तीन एकर वावर, त्यात वांगे, मेथी, पालक, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर. कैलास सकाळीच गाडीवर गठ्ठे बांधते अन् आर्वीच्या बाजारात नेते. बाजारात मेथीले भाव असला तं आमच्या वावरात मेथी नसते. आमच्या वावरात मेथी असली तं बाजारात ती गाईपुढे टाकतात. अशा घरात महिन्याचे गहू-तांदूळ फुकट भेटले तं काय फरक पडते, हे ज्याच्या डब्याचं बूड दिसते त्यालेच समजते.

पण आमचं कार्ड केशरी. बिनधान्याचं. अन् ते केशरी झालं माह्याच पायी, हे भी ऐकून घ्या. माह्या लग्नाची बोलणी चालली तेव्हा यांच्या घरी पिवळं कार्ड होतं, गरिबाचं. माहे बाबा पडले चौकस. म्हणाले, पोरगी देतो, पण पहिले घरचे कागद पाहीन. तं माह्या सासऱ्यानं, नत्थूजीनं, काय करावं? आर्वीले जाऊन उत्पन्न वाढवून दाखवलं, पिवळं कार्ड वापस केलं अन् केशरी करून आणलं. ते कार्ड माह्या बाबाच्या हातात असं देलं जसा काही सातबारा. बाबा खूश झाले, लग्न लागलं. दोन वर्षांनी सरकारनं धान्याच्या नव्या याद्या केल्या. पिवळेवाले सगळे आत गेले, आम्ही बाहेर राह्यलो. सासरा मरेपर्यंत म्हणे, "सून आली अन् राशन गेलं." हसून म्हणे, पण म्हणे.

दोन वर्षं झाले आता. एक दिवस प्रभाकरराव आमच्या ओट्यावर येऊन बसले. गावात कोणाचा भी फॉर्म भराचा असन तं प्रभाकररावच भरतात, अन् कंट्रोलच्या कमिटीवर भी तेच. राशनच्या दुकानाले आमच्या इकडे कंट्रोल म्हणतात. चहा पिता पिता म्हणाले, "कैलास, गावात अंत्योदयची एक जागा रिकामी झाली. लहानूची माय गेली ना."

अंत्योदय म्हणजे गरिबातल्या गरिबाचं कार्ड. महिन्याले पस्तीस किलो. गावाले त्याच्या जागा ठरवून देल्या असतात. एक वर जाते तेव्हा दुसरा आत येते.

"आमचं कसं होईन? आमचं केशरी आहे," कैलास म्हणाला.

"तुमचं नाई. लीलाबाईचं होते. विधवा आहे, साठीच्या वर आहे. फक्त ती वेगळी राह्यली पाहिजे. चूल वेगळी दिसली पाहिजे. पोरगा सांभाळत नाई असं तलाठ्यानं लिहून देलं का झालं काम."

कैलासचं तोंड पडलं. "माय वेगळी काढली असं लिहून देऊ? नाई जमत प्रभाकरराव."

मी आतून पोळ्या लाटता लाटता ओरडली, "कागदावरच तं लिहाचं आहे! कागदानं काय माय वेगळी होते?"

माह्या जिभेले हाड नाई, हे माहेरी भी सगळ्याइले माहीत होतं. कैलास गप बसला. तो नेहमीच गप बसते. त्याले मी म्हणते, तुम्ही तोंड कशाले आणलं, फक्त खाले?

सासू तिथंच ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं इचारलं, "मले काय सांगावं लागन?"

"एवढंच सांगजा, आई, का मी वेगळी राह्यते. पोरगा-सून पाहत नाई. बाकी मी पाहीन."

"तुहे मामाजी असते तं काय म्हणाले असते?"

"ते असते तं तुम्ही विधवा नसत्या. मंग जागाच भेटली नसती."

बोलून गेली. कैलासनं माह्याकडे अशा नजरेनं पाह्यलं का लाटणं हातातच राह्यलं. पण बुढी हसली. तिले माह्या बोलण्याची सवय होती, असं मी धरून चाललेली.

लीलाबाईच्या हातची चूल म्हणजे गावात नाव होतं. गॅस आल्यापासून कोणी बोलावत नव्हतं, पण पहिले नवी नवरी घरात आली का चूल घालाले हिलेच नेत. तिनं वारुळाची माती आणली, त्यात गव्हाचं कुटार अन् शेण घातलं, दिवसभर पायानं तुडवलं. तीन दिवस ती छपरीत बसून हातानं वळत राह्यली. मी म्हटलं, "एवढी नीट कशाले करता? तलाठी येऊन गेला का मोडाचीच आहे."

ती म्हणाली, "खोटी चूल कशी करतात, मले येत नाई."

वाळल्यावर तिनं चुलीले हळद-कुंकू वाह्यलं. मी तिकडे कापसाच्या पऱ्हाट्यांचा भारा आणून टाकला, कारण मले भिंत काळी पाहिजे होती. नवी कोरी चूल पाहून कोणता तलाठी फसन? तीन दिवस मी सकाळ-संध्याकाळ जाळ केला. छपरीची भिंत अशी काळी केली का कोणी म्हणावं, बाई इथं दहा वर्षं शिजवून राह्यली. पहिला जाळ झाला तेव्हा बुढीनं मूठभर तांदूळ आणून शिजवले अन् गाईले घातले. "पेटवलेली चूल उपाशी ठेवत नसतात," म्हणाली. मले हसू आलं. इथं माणसाइचं भागत नाई अन् ही चुलीचं पोट पाहते.

तलाठी आला तो वयस्कर होता. संग पंच म्हणून प्रभाकरराव अन् लहानू. बुढी चुलीपुढे बसली होती. तलाठ्यानं इचारलं, "आजी, तुम्ही वेगळं करून खाता?" तिनं मान हलवली. "मुलगा पाहत नाही?" तिनं मान हलवली नाई. तिनं माह्याकडे पाह्यलं.

तलाठी इकडेतिकडे पाहाले लागला. म्हणाला, "लुगडं तर स्वच्छ आहे. केसाला तेल आहे. सून चांगली दिसते आजी."

बुढीचं तोंड उघडलं. मले समजलं का आता ही खरं सांगते. पस्तीस किलो माह्या डोळ्यापुढून चालले होते. मंग मी मधात पडली.

"चांगली आहे म्हणूनच अंगणात राहू देलं साहेब! दिवसभर खोकलते. काम एक होत नाई. भाजीत मीठ जास्त झालं, पोळी कडक झाली, रोजची कटकट. हातातून भांडे सुटते, मागंमागं मले पुसावं लागते. बारा वर्षं ऐकून राह्यली मी. माह्याच्यानं नाई होत आता. पोरगा भी पाहत नाई अन् मी भी पाहत नाई. तिचं तिनं पाहावं."

तलाठ्यानं मले वरून खाली पाह्यलं. मंग लिहाले लागला. प्रभाकररावानं माह्याकडे पाहून डोळा बारीक केला, म्हणजे शाब्बास. मी छाती फुगवून उभी. काय नाटक केलं बापा मी!

कागद लिहून झाला. तलाठ्यानं वाचून दाखवला: "सदर वृद्धा निराधार असून मुलगा व सून सांभाळ करीत नाहीत." बुढीनं शाईवर अंगठा ठेवला, कागदावर दाबला अन् पदराले पुसला. तेव्हा मी तिच्या तोंडाकडे पाह्यलं. ती ना मले पाहून राह्यली होती, ना तलाठ्याले. ती चुलीकडे पाहून राह्यली होती.

 मिठाचं, पोळीचं, खोकल्याचं, हे काही ठरलेलं नव्हतं. प्रभाकररावानं सांगतलेलं नव्हतं. ते मी पाठ केलं नव्हतं. ते बारा वर्षं माह्या आत पडून होतं अन् मले एक दिवस परवानगी भेटली.

संध्याकाळी मी आवाज देला, "आई, जेवाले चला."

"तुम्ही जेवा," छपरीतून आवाज आला. "मी मांडलं आहे."

मी मागं गेली. तव्यावर ज्वारीची भाकर होती. लहान. एकाच माणसाची.

"काऊन हे? तलाठी तं गेला."

"चूल पेटवली ना. उपाशी ठेवत नसतात."

मले वाटलं, दोन-चार दिवस. रुसली आहे, उतरन. कैलास मायपाशी जाऊन बसला, हात जोडले. ती म्हणे, "तू काऊन हात जोडतं बापू? मी काही रागावली नाई. अंगठा देला आहे, तं तसं राह्यलं पाहिजे. उद्या कोणी पाहाले आलं तं?" कैलास परत आला अन् माह्याशी बोलला नाई. चार दिवस नाई बोलला. गप माणूस गप राह्यला तं कळत नाई म्हणतात, पण मले कळलं.

कार्ड आलं. भैयाजीच्या कंट्रोलमंदी बुढीनं मशीनवर अंगठा ठेवला, चार वेळा उठला नाई, पाचव्यांदा उठला. पस्तीस किलो कैलासनं गाडीवर आणलं. बुढीनं धान्याचा कट्टा छपरीत घेतला, मापानं स्वतःपुरतं काढलं, अन् राह्यलेलं ओढत ओढत आमच्या दारात आणून ठेवलं.

"हे तुमचं," म्हणाली.

टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तं मी भांडली असती अन् भांडून मोकळी झाली असती. ती सरळ म्हणाली अन् गेली. मी तो कट्टा आत घेतला. त्या गव्हाच्या पोळ्या केल्या. खाल्ल्या भी. खोटं कशाले सांगू, पोळ्या चांगल्या झालत्या.

मंग सुरू झालं माहं तिले परत आणणं. मले दुसरं काही नोको होतं. ती एक बाई माह्या स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसावी अन् म्हणावं, आज भाजीत मीठ जास्त झालं. बस्स. तिले अंबाडीची भाजी आवडते, म्हणून मी अंबाडी केली. वाटी भरली अन् आचलच्या हाती पाठवली. आचल माही पोरगी, सहावीत आहे, ती दिवसभर आजीकडेच राह्यते. थोड्या वेळानं वाटी परत आली. धुतलेली. अन् त्यात दोन चमचे गूळ.

मी त्या वाटीकडे पाहत राह्यली. आमच्या इकडे शेजारच्या घरचं भांडं रिकामं परत करत नाई. काही ना काही घालून देतात, चिमूटभर साखर का असेना. घरच्या घरात कोणी असं करत नाई. घरातली वाटी जिथं पडली तिथं पडते. बुढीनं मले शेजारीण केलं होतं, अन् एवढ्या मायेनं का भांडता भी येऊ नाई.

वरणात कणकीचे फळं केले, वाटी गेली, तिळाची चटणी घेऊन आली. भरीत गेलं, लसणाची गड्डी आली. कधी चार बोरं, कधी मिरची. मी एक दिवस छपरीत जाऊन बसलीच तिच्यापुढे.

"आई, मी त्या तलाठ्यापुढे बोलली ना, ते नाटक होतं."

"हो," ती भाकर थापत म्हणाली. "चांगलं केलं. त्याले पटलं."

"मले तसं काही म्हणाचं नव्हतं."

"मोहिनी, मीठ मले खरंच जास्त लागते तुह्या भाजीत." अन् ती हसली. "जाय, कुकरची शिटी होऊन राह्यली तुह्या."

मी उठून आली. शिटी खरंच होऊन राह्यलती.

ग्रामसभेत दरवर्षी यादी वाचतात. सरपंचापुढे, सगळ्या गावापुढे. लीलाबाई नत्थूजी, निराधार, अंत्योदय. यादीत एवढंच असते, पण ऐकणाऱ्याइले पुढचं माहीत असते. कैलास मागच्या रांगेत बसला होता. कोणीतरी म्हणालं, "लेक भाजी विकते अन् माय निराधार!" लोक हसले. कैलास उठून बाहेर आला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. काय सांगन तो? बायकोनं केलं म्हणन? कागद खोटा आहे म्हणन? तेव्हापासून तो चौकात बसत नाई. बाजारातून आला का सरळ घरी.

अन् मी काय केलं? मी वाटी पाठवणं सोडून देलं. एकदम नाई. आज राहू दे, उद्या पाठवीन, असं करता करता. ती वाटी भरून परत आली का माहा जीव कासावीस होई. मंग मले वाटे, न पाठवलेली बरी. माणूस कसं असते पाहा. ज्याचं आपण वाईट केलं त्याच्याकडे पाहावत नाई, म्हणून आपण त्याच्याकडे पाहत नाई, अन् वरून म्हणतो का मले लय वाईट वाटते.

यंदा सरकारनं कार्डाइची तपासणी काढली. जे खोटे असतीन ते काटाचे. घरोघरी तलाठी येणार, अशी दवंडी झाली. भैयाजीच्या दुकानापुढे लोकाइचे चेहरे उतरले. मले मात्र कोणी डोक्यावरून भारा उतरवला असं वाटलं. मी कैलासले म्हटलं, "मी सांगून टाकते. खोटं आहे म्हणते. कार्ड जाऊ द्या, पस्तीस किलो जाऊ द्या. कार्ड गेलं का वेगळं राह्याचं कारणच नाई. आई आत येतीन."

कैलास म्हणाला, "मायले इचारलं का?"

"इचारलं तं त्या नाई म्हणतीन."

 आता समजते का मी त्या वेळी भी इचारलं नव्हतं, अन् या वेळी भी नाई.

तपासणीले आली ती नवी तलाठी, मेघा मॅडम. तरुण पोरगी, हातात मोबाइल, पायात बूट. दुपारची वेळ होती. छपरीत बुढी नव्हती. मी मॅडमले खुर्ची देली, पाणी देलं अन् पाणी पिऊन व्हायच्या आत सांगून टाकलं.

"मॅडम, हे कार्ड खोटं आहे. काटा तुम्ही. माही सासू निराधार नाई. आम्हीच सांभाळतो. तेव्हा मी खोटं बोलली होती, माह्यावर काय केस कराची ते करा."

मॅडमनं ग्लास खाली ठेवला. "दहा दिवस फिरतेय मी," म्हणाली. "कार्ड कापू नका म्हणून लोक रडतात. कापा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या." तिले बरं वाटलेलं दिसलं. मले भी बरं वाटलं. वाटलं, झालं, सुटली मी.

"मग मी तसं लिहिते," ती म्हणाली. "दोन-चार गोष्टी भराव्या लागतात. आजी आत्ता कुठे आहेत?"

"असतीन इथंच. मंदिरात असतीन."

"आजी आर्वीले गेली," आचल दारातून म्हणाली. शनिवार होता, शाळा सकाळची झालती. "सरकारी दवाखान्यात. डोळे दाखवाले. बाजूच्या सखूआजीसंग, एस्टीनं."

मले माहीत नव्हतं. मी म्हटलं, "हो हो, दवाखान्यात."

"औषध कोणतं चालू आहे त्यांना?"

"बीपीची गोळी आहे ना."

"एक वेळ की दोन वेळ?"

मी आचलकडे पाह्यलं. आचलनं एक बोट दाखवलं. मॅडमनं ते पाह्यलं अन् मोबाइलमंदी काही लिहिलं नाई.

"सकाळी काय जेवल्या त्या?"

सोपा प्रश्न होता. एका घरात राहणाऱ्या कोणाले भी सांगता येईन असा. मी म्हटलं, "भाकर." रोज भाकरच करतात ना त्या.

मॅडम उठली, छपरीत गेली. मी मागं मागं. ती चुलीपुढे उकिडवी बसली अन् राखेत हात घातला. मंग माह्याकडे वर पाह्यलं. मी भी खाली बसली अन् हात घातला. राख थंड होती. नुसती आजची थंड नाई. दबून बसलेली, वर कोळ्याचं जाळं.

"परवापासून आजीनं चूल नाई पेटवली," आचल म्हणाली, हळूच, जशी तिचीच चूक. "तिले जाळ नीट दिसत नाई. परवा हात पोळला. ती मुरमुरे खाते, पाण्यात भिजवून. मले म्हणे, तुह्या मायले नोको सांगू, तिले काम लय असते."

बापा रे. मी दिवसातून दहा वेळा त्या छपरीपुढून जाते. कपडे वाळू घालाले जाते, सरपण आणाले जाते, कोंबडी हाकलाले जाते. दोन दिवस त्या छपरीतून धूर निघाला नाई अन् मले पत्ता नाई. माह्या भिंतीपलीकडे बुढी मुरमुरे भिजवून खाऊन राह्यली होती, पोळलेल्या हातानं, अन् मी तिच्या गव्हाच्या पोळ्या लाटून राह्यली होती.

"ताई," मॅडम म्हणाली. तिनं आवाज खाली केला होता. "जुन्या पंचनाम्यात लिहिलंय, मुलगा व सून सांभाळ करीत नाहीत. हे खोटं आहे असं मी लिहायचं, तर मला काहीतरी दाखवा. त्यांचं ताट दाखवा. अंथरूण आत आहे का? गोळ्यांचं पाकीट तुमच्याकडे आहे का?"

ताट छपरीत होतं. अंथरूण छपरीत होतं, ते कधी गेलं मले आठवत नाई. गोळ्या छपरीत, खिळ्याले लटकलेल्या पिशवीत. मी इकडे पाह्यलं, तिकडे पाह्यलं. भिंत काळी होती. आता खरी काळी. मी केलेला धूर कोणता अन् तिच्या दोन वर्षांच्या स्वयंपाकाचा कोणता, ते सांगता येत नव्हतं.

"मी बोलली ना खोटं होतं," मी म्हटलं.  "मी स्वतः बोलली होती. मले माहीत नाई का?"

"तेव्हा असेल," ती म्हणाली.

तिनं मोबाइलवर बोट फिरवलं, छपरीचा फोटो काढला, चुलीचा काढला. कागदावर खूण केली अन् मले दाखवली. पात्र. "आजींना धान्याची गरज आहे. राहू द्या कार्ड," एवढं म्हणून ती पुढच्या घरी गेली. रागावली असती तं बरं झालं असतं.

पाचच्या एस्टीनं बुढी आली. एका हाताले पट्टी, डोळ्यात थेंब टाकलेले, त्याच्यानं पापण्या चिकटलेल्या. मी छपरीत बसली होती, चुलीपुढे. मी राख काढून टाकली होती अन् पऱ्हाट्या मांडल्या होत्या, पण पेटवली नव्हती. मले त्या चुलीची रीत माहीत नाई.

"तपासणीवाली आलती म्हणे," ती म्हणाली. फाट्यावरच कोणीतरी सांगतलं असन.

"आलती."

"काय लिहून गेली?"

"पात्र."

बुढीनं मोठा श्वास सोडला अन् खाटेवर बसली. "बरं झालं वं माय. मले दवाखान्यात बसल्या बसल्या धाकधूक होऊन राह्यली होती. मी घरी नाई पाहून तिनं काटलं असतं तं तुमचे गहू बंद झाले असते."

मी रडली. मी सहसा रडत नाई, मी ओरडते. पण तेव्हा रडली. "आई, आतमंदी चला ना. पाया पडते. मी चुकली. कार्ड गेलं चुलीत. मले तुम्ही आत पाहिजे."

तिनं पोळला नव्हता तो हात माह्या डोक्यावर ठेवला. तिले माहा चेहरा दिसत नव्हता, डोळ्यात थेंब होते.

"येईन ना," म्हणाली. "बोलावलं तं काऊन नाई येणार? येईन एखाद्या दिवशी."

कोणी पाहुणी म्हणते, तसं म्हणाली.

मी आत गेली. चहा केला, दूध जास्त घालून, तिले आवडते तसा. अदरक घातलं. कप नेऊन तिच्या हातात देला. तिनं फुंकून फुंकून पूर्ण पिला, चांगला झाला म्हणाली. रात्रीची भाकर-भाजी कैलास ताटात घेऊन गेला अन् तिथंच मायपाशी जेवला. मले त्यानं बोलावलं नाई, अन् मी गेली नाई.

सकाळी मी दार उघडलं. उंबरठ्यावर कप ठेवला होता. धुतलेला, पुसलेला. त्यात मूठभर शेंगदाणे होते.